ख्रिस्ताचं शिष्यत्व, त्याची किंमत आणि आशीर्वाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाप्तिस्म्याच्या तयारीचे वर्ग घेताना आणि नंतर येणाऱ्या निरोपांतून हेच प्रश्न फिरून फिरून येतात. विचारणाऱ्यांत नवे विश्वासणारे आहेत, तीस-तीस वर्षं मंडळीत (चर्चमध्ये) काढलेले आहेत आणि अजून उंबरठ्यावरच उभे असलेलेही आहेत. वचनांचे संदर्भ कंसात दिले आहेत. उत्तराआधी ते वचन मागच्यापुढच्या ओळींसकट वाचलंत, तर निम्मं काम तिथेच होईल.

१. शिष्य म्हणजे नक्की कोण? बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण शिष्यच ना?

नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द आहे 'माथेतेस', म्हणजे शिकणारा. गुरूसोबत राहून, त्याच्या मागे चालून, त्याचं बघून शिकणारा. हा शब्द चार शुभवर्तमानांत आणि प्रेषितांच्या कृत्यांत मिळून अडीचशेहून जास्त वेळा येतो. 'ख्रिस्ती' हा शब्द मात्र सगळ्या नव्या करारात तीनदाच आहे आणि अंत्युखियात तो पहिल्यांदा लावला गेला तोही शिष्यांनाच (प्रे. कृत्ये ११:२६). त्यामुळे साधे ख्रिस्ती खालच्या पायरीवर आणि शिष्य वरच्या, अशी उतरंड बायबलमध्ये नाही.

बाप्तिस्म्याचं म्हणाल, तर मत्तय २८:१९-२० मध्ये शिष्य करा, बाप्तिस्मा द्या आणि मी आज्ञापिलेलं सगळं पाळायला शिकवा, या तिन्ही गोष्टी एका दमात आल्या आहेत. बाप्तिस्मा म्हणजे शाळेत नाव घातलं. पटावर नाव आहे पण वर्गात कधी दिसत नाही, असे विद्यार्थी प्रत्येक शाळेत असतात. कधीकधी मीही असतो.

२. तारण (पापातून सुटका) फुकट आहे असं शिकवता आणि लगेच किंमत मोजा म्हणता. दोन्ही कसं खरं?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे आणि तो अगदी रास्त आहे.

तारण कृपेनेच आहे, कर्मांनी नाही, हे इफिसकरांस २:८-९ स्पष्ट सांगतं. पुढचंच वचन मात्र आपण सहसा पाठ करत नाही. देवाने आधीच योजलेल्या सत्कृत्यांत चालण्यासाठी आपण घडवलेले आहोत, असं दहावं वचन म्हणतं. दत्तक घेतलेल्या मुलाचा विचार करा. घरात येण्यासाठी त्याने काही भरलेलं नसतं, भरण्याजोगं त्याच्याजवळ काही नसतंच. पण त्या घरचं झाल्यावर जुनी टोळी सुटते, जुन्या खोटेपणाला जागा उरत नाही, नवं नाव वागवावं लागतं. हे सुटणं दुखतं. तरी ते दत्तकाचं शुल्क नव्हे.

येशूच्या बाजूला टांगलेल्या चोराला शिष्यत्वाचा एक दिवसही मिळाला नाही, तरी त्याला सुखलोकाचं वचन मिळालं (लूक २३:४३). माझ्या मते हे उदाहरण कायम हाताशी ठेवावं, म्हणजे किंमतीवर बोलता बोलता आपण कृपेलाच भाव लावून बसत नाही. कृपा आणि आज्ञापालन यांचा नेमका सांधा कसा मांडायचा, यावर मंडळ्यामंडळ्यांत मतभेद आहेत. पण कृपा मिळाली, आता कसंही वागलं तरी चालेल, या म्हणण्याला प्रेषित पौल रोमकरांस ६:१-२ मध्ये साफ नकार देतो.

३. 'आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे या.' माझा वधस्तंभ कोणता, हे कसं ओळखायचं?

आधी तो शब्द पहिल्या ऐकणाऱ्यांच्या कानांनी ऐकू या. रोमी राजवटीत शिक्षा झालेल्याला आपल्या वधस्तंभाचं आडवं लाकूड स्वतः वाहून वधाच्या जागी न्यावं लागे. ते लाकूड खांद्यावर घेऊन निघालेला माणूस परत येत नसे, हे रस्त्यावरच्या पोरालाही ठाऊक होतं. त्याचे बेत, त्याची पत, त्याची मालकी तिथेच संपलेली असे. येशूच्या या वाक्याचा अर्थ तितकाच कडक आहे. लूक त्यात एक शब्द जास्त देतो, 'दररोज' (लूक ९:२३). एकदाच मरण्यापेक्षा रोज सकाळी उठून आपला हट्ट बाजूला ठेवणं मला तरी जड वाटतं.

आता ओळखायचं कसं? बोलताना आपण आजाराला, कटकटीच्या नातेवाइकाला, न जमणाऱ्या नोकरीला सरसकट 'माझा वधस्तंभ' म्हणतो. ती दुःखं खरी आहेत आणि त्यांत देव सोबत असतो. पण ती विश्वास नसलेल्यांच्याही वाट्याला येतात. मी एक साधी कसोटी वापरतो. येशूच्या वाटेने चालणं सोडलं तर हे दुःख थांबेल का? खोट्या हिशोबावर सही न केल्याने बढती हुकली असेल, तर सही करताच ती मिळाली असती. हा वधस्तंभ आहे. गुडघा दुखत असेल, तर विश्वास सोडल्याने तो दुखायचा थांबणार नाही.

दोन गोष्टी या शब्दात बसतच नाहीत. पहिली, आपल्या चुकांची फळं. पेत्र म्हणतो, खुनी, चोर किंवा दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणारा म्हणून दुःख भोगू नका (१ पेत्र ४:१५). त्या यादीत लुडबुड करणारा चोराच्या रांगेत बसलाय, हे मंडळीत वाचून दाखवलं की चुळबुळ होते. दुसरी, घरातली मारहाण. 'सहन कर, हाच तुझा वधस्तंभ' हा सल्ला कुणी दिला असेल तर तो चुकीचा आहे. आधी सुरक्षित जागी जा, कुणाला तरी सांगा. येशूने जीव दिला तो आपणहून दिला (योहान १०:१८). दुसऱ्याचा जीव जबरदस्तीने घेणाऱ्याला या शब्दाची ढाल मिळत नाही.

४. लूक १४ मध्ये 'आधी खर्चाचा हिशोब करा' असं आहे. माझी तयारी पूर्ण नसेल तर थांबू का?

बुरूज बांधणारा आधी बसून खर्च मांडतो. दहा हजार सैन्याचा राजा वीस हजारांवर चालून जाण्याआधी विचार करतो (लूक १४:२८-३२). यावरून 'पुरेसं जमवा, मग या' असं वाटतं खरं. पण दुसऱ्या दाखल्यातला राजा अखेर काय करतो? बळ कमी पडतंय हे कळल्यावर तो तह करायला माणसं पाठवतो. आणि तेहेतिसावं वचन 'जो आपल्या सर्वस्वाचा त्याग करत नाही' यावर येऊन थांबतं. हिशोब मांडला की आपली शिल्लक पुरत नाही, हेच दिसतं. आपल्या जोरावर हा बुरूज उभा राहायचा नाही, हे कळणं हीच तयारी. येशूने निवडलेले बाराही जण कच्चेच होते.

हिशोबाचा दुसराही उपयोग आहे. कुणाला घाईने, उत्साहाच्या भरात निर्णयापर्यंत ओढू नये. येशू लोकांना थांबवून विचार करायला लावत असे. तो गर्दी जमवणारा नव्हता.

५. येशू आईवडिलांचा द्वेष करायला सांगतो? हे वाचून माझी आई रडली.

आईंना सांगा, रडण्याचं कारण नाही. पण वाक्य बोथट करूनही चालणार नाही.

लूक १४:२६ मधला 'द्वेष' हा इब्री वळणाचा शब्दप्रयोग आहे. उत्पत्ती २९ मध्ये याकोबाचं आपल्या दोन बायकांपैकी राहेलवर लेआपेक्षा अधिक प्रेम होतं असं तिसावं वचन सांगतं आणि लगेच एकतिसावं लेआ 'नावडती' होती म्हणतं. मूळ इब्रीत तिथे द्वेषाचाच शब्द आहे. दोघांतलं कमीजास्त सांगायला तो वापरला जाई. मत्तय १०:३७ मध्ये येशूचं हेच शिक्षण 'माझ्यापेक्षा आईवर किंवा बापावर अधिक प्रीती करणारा' अशा शब्दांत येतं. प्रश्न पहिल्या जागेचा आहे.

देवाच्या नावाखाली आईवडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांवर तर येशू संतापला होता. आपली मिळकत 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, असं जाहीर करून वडीलधाऱ्यांची जबाबदारी टाळण्याची पळवाट त्याने उघडी पाडली (मार्क ७:९-१३). स्वतः वधस्तंभावर असताना त्याने आईची सोय लावली (योहान १९:२६-२७). घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट, असं पौल लिहितो (१ तीमथ्य ५:८). म्हणजे 'मी प्रभूसाठी घर सोडलं' असं सांगत म्हाताऱ्या आईवडिलांच्या औषधपाण्याकडे पाठ फिरवणाऱ्याला शिष्य म्हणता येत नाही.

आणि तरीही कधीतरी निवड करावीच लागते. इ. स. २०३ मध्ये कार्थेजमध्ये पर्पेतुआ नावाची तरुण आई तुरुंगात होती. तिचं बाळ अंगावर पीत होतं. म्हातारा बाप पुन्हा पुन्हा येऊन विनवत होता की एकदा ख्रिस्ताला नाकार आणि सुटून ये. तिने ख्रिस्ताला नाकारलं नाही, आणि ती मारली गेली. तुरुंगात लिहिलेल्या तिच्या टिपणात बापाबद्दल कडवटपणाचा लवलेश नाही, त्याच्या म्हातारपणाचं दुःख आहे. येशूला जो 'द्वेष' अभिप्रेत होता तो प्रत्यक्षात असा दिसतो, डोळ्यांत पाणी असलेला.

६. माझा नवरा (किंवा बायको) विश्वासात नाही. शिष्य व्हायचं तर वेगळं व्हावं लागेल का?

नाही. विश्वास न ठेवणारा जोडीदार एकत्र राहायला राजी असेल, तर त्याला सोडू नये (१ करिंथ ७:१२-१३). त्यालाच जायचं असेल तर जाऊ द्यावं, भांडून अडवू नये (७:१५). घरात प्रवचनं देऊ नका, असाही अनुभवाचा सल्ला आहे. पेत्रही पत्नींना सांगतो की शब्दावाचून, वागणुकीने पती जिंकले जावेत (१ पेत्र ३:१). मारहाण होत असेल तर प्रश्न ३ पाहा, तिथे हा नियम लागू करू नये.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे त्या परत आल्या आणि कालांतराने त्यांनीही, स्वतःच्या पायांनी चालत, बाप्तिस्मा घेतला. त्या मधल्या वर्षांची किंमत दोघांनी मोजली, आणि लक्ष्मीबाईंनी तर न मागता मोजली. निर्णय एकाचा असतो, झळ घरभर लागते. जो निर्णय घेतो त्याने हे विसरू नये.

७. श्रीमंत तरुणाला सगळं विकायला सांगितलं. मलाही विकावं लागेल?

कदाचित. हे उत्तर कुणाला आवडत नाही, म्हणून आधीच दिलं.

येशूने प्रत्येकाला एकच माप लावलं नाही. श्रीमंत तरुणाला 'सर्व विकून टाक' म्हटलं (मार्क १०:२१). जकातदार जक्कयाने आपणहून अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट द्यायचं ठरवलं, आणि येशूने उरलेलं मागितलं नाही (लूक १९:८-९). योहान्ना, सुसान्ना आणि इतर स्त्रिया आपल्या पैशांतून येशूचा आणि बारा जणांचा खर्च चालवत होत्या (लूक ८:३). सगळ्यांनीच सगळं विकून टाकलं असतं, तर तो खर्च चालला कशावर असता?

पण 'ते वचन त्या तरुणापुरतं होतं' असं म्हणून सुस्कारा सोडणाऱ्यांकडे मी जरा संशयाने बघतो. ज्याला सुटल्यासारखं वाटलं, त्याचा जीव कशात अडकलाय ते त्या सुस्काऱ्यानेच सांगितलं. त्या वचनात आणखी एक बारीक गोष्ट आहे. हे कठोर वाक्य बोलण्याआधी येशूने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली.

८. खरा शिष्य म्हणजे नोकरी सोडून पूर्णवेळ सेवा करणारा, असंच ना?

नाही. गरसेकरांच्या प्रदेशातला भूतग्रस्त बरा झाल्यावर येशूबरोबर येण्यासाठी विनवत होता. येशूने त्याला येऊ दिलं नाही. घरी, आपल्या माणसांकडे जाऊन सांग म्हणाला (मार्क ५:१८-१९). पौल स्वतः तंबू करून पोट भरत असे (प्रे. कृत्ये १८:३). कुणाला खरोखर बोलावणं असेल तर त्याने जावं. पण नोकरीचा कंटाळा आला म्हणजे बोलावणं आलं असं नव्हे.

९. इतकं सगळं सोडायचं, तर मिळतं काय?

पेत्राने हेच विचारलं होतं, तेव्हा लाजू नका. येशूने त्याला झिडकारलं नाही. ज्याने माझ्यासाठी घर, भाऊ, बहीण, आई, बाप, मुलं, शेतं सोडली, त्याला या काळी शंभरपट घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं मिळतील, छळणुकीसह, आणि येणाऱ्या युगात सार्वकालिक जीवन, असं उत्तर दिलं (मार्क १०:२९-३०).

दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून वाचा. सोडलेल्यांत 'बाप' आहे, मिळणाऱ्यांत नाही. बाप आता एकच, स्वर्गातला, असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला आहे आणि मला तो पटतो. 'छळणुकीसह' हा शब्द फक्त मार्कने राखला आहे, तोही आशीर्वादांच्या यादीच्या आत, 'शेतं' या शब्दाला लागूनच.

आता शंभर आया येणार कुठून? आकाशातून नाही. घरातून हाकललेल्या मुलीला मंडळीतल्या एखाद्या बाईने 'आजपासून इथेच राहा' म्हटलं, की वचन पुरं व्हायला लागतं. हा आशीर्वाद दुसऱ्या शिष्याच्या दारातून येतो. म्हणून कुणी येशूसाठी सगळं गमावून मंडळीत आला आणि एकटाच राहिला, तर त्याच्या विश्वासात खोट काढण्याआधी मंडळीने आपली दारं तपासावीत. वचन देवाचं आहे, पण ते पोचवायचं काम आपल्यावर टाकलेलं आहे आणि आपण ते वरचेवर बुडवतो.

बाकीचे आशीर्वाद मोजता येत नाहीत, पण ओळखता येतात. त्याने आपल्याला दास न म्हणता मित्र म्हटलं (योहान १५:१५). जग देतं तशी नसलेली शांती दिली (योहान १४:२७). स्वभाव हळूहळू बदलतो, आणि तो आपल्याआधी घरच्यांच्या लक्षात येतो (गलती ५:२२-२३). मरणाची भीती सैल होते. स्मुर्णा इथल्या वृद्ध बिशप पॉलिकार्पला ख्रिस्ताची निंदा करून सुटायला सांगितलं, तेव्हा शहाऐंशी वर्षं मी त्याची सेवा केली, त्याने माझं काही वाईट केलं नाही, मग माझ्या राजाची निंदा कशी करू, असं तो म्हणाला.

शेतातल्या ठेवीचा दाखला फक्त एका वचनाचा आहे (मत्तय १३:४४). तो माणूस आपलं सगळं विकतो, आणि ते 'आनंदाच्या भरात' विकतो. विकताना बघणाऱ्या शेजाऱ्यांना तो वेडा वाटला असेल. त्यांना ठेव दिसलेली नव्हती.

१०. शंभरपट म्हणजे दान दिलं की शंभरपट पैसा परत, असं एका सभेत ऐकलं. खरं आहे?

नाही. शंभर घरांचा अर्थ बँकेतली शिल्लक असेल, तर शंभर आयांचा अर्थ काय लावायचा? ते वचन देणाऱ्याला डोकं टेकायला जागा नव्हती (लूक ९:५८). ज्यांनी सगळं सोडलं त्या पेत्राजवळ पुढेही सोनंरुपं नव्हतं (प्रे. कृत्ये ३:६). पौल विपुलता आणि टंचाई दोन्हींत राहायला शिकला (फिलिप्पै ४:१२). देव भौतिक गरजा भागवतो, हे मी नाकारत नाही. पण देणगीच्या पाकिटाला व्याजाचा दर चिकटवणारा व्यापार करतोय.

११. विश्वासामुळे त्रास होत असेल तर तिथून निघून जाणं, किंवा कायद्याची मदत घेणं, हा पळपुटेपणा आहे का?

नाही. एका गावात छळ झाला तर दुसऱ्यात पळून जा, ही येशूचीच सूचना आहे (मत्तय १०:२३). पौलाला टोपलीत बसवून दिमिष्काच्या (दमास्कसच्या) तटावरून रात्री खाली सोडलं (प्रे. कृत्ये ९:२५). चाबकाखाली बांधला जात असताना त्याने आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं (२२:२५) आणि पुढे कैसराकडे (रोमी सम्राटाकडे) दाद मागितली (२५:११). त्याच पौलाने इतर वेळी फटके खाल्ले. कधी निसटायचं आणि कधी उभं राहायचं, याचा तक्ता बायबल देत नाही. दोन गोष्टी मात्र ठरलेल्या आहेत. सुटण्यासाठी येशूला नाकारायचं नाही आणि सूड घ्यायचा नाही (रोम १२:१९). दुःख शोधत हिंडणं हीदेखील निष्ठा नव्हे.

१२. घरच्यांना न सांगता, गुपचूप शिष्य राहिलं तर?

अरिमथाईकर योसेफ गुप्त शिष्य होता, भीतीमुळे, असं योहान १९:३८ सरळ सांगतं. तरी शुभवर्तमान त्याला शिष्यच म्हणतं. यहूदी पुढारी निकदेम येशूकडे पहिल्यांदा रात्री आला होता. पण येशूच्या मागे उघडपणे चालणारे पांगले, तेव्हा त्याचा देह मागायला रोमी सुभेदार पिलाताकडे कोण गेलं? हाच योसेफ. गुप्तपणा कायमचा मुक्काम होऊ नये, पण कुणाची वेळ कधी यावी हे बाहेरच्याने ठरवू नये. अल्पवयीन मुलांना किंवा जिवाला धोका असलेल्यांना 'आजच सगळ्यांसमोर कबूल कर' म्हणून टोचणाऱ्यांना ती किंमत स्वतः मोजायची नसते.

१३. मी माघार घेतली. दबावाखाली 'मी त्याचा नाही' असं बोललो. आता?

पेत्राने हे तीनदा केलं, शेकोटीजवळ उभं राहून (योहान १८:१८). 'कोळशांचा विस्तव' हा शब्द नव्या करारात फक्त दोनदा येतो. दुसऱ्यांदा येतो तो पुनरुत्थित येशूने किनाऱ्यावर पेटवलेल्या विस्तवासाठी (योहान २१:९). त्यावर मासे भाजत होते. आधी न्याहारी झाली, मग 'माझ्यावर प्रीती करतोस का?' हा प्रश्न तीनदा, आणि प्रत्येक उत्तरानंतर काम सोपवलं. परत या. कुणाजवळ तरी स्पष्ट बोला.

१४. आमचे पुढारी म्हणतात, लग्न, नोकरी, पैसा, सगळं आम्हाला विचारूनच करा, तेच खरं शिष्यत्व. ऐकायचं का?

सल्ला घ्यावा, ताबा देऊ नये. तुमचा गुरू एकच आणि तुम्ही सगळे भाऊ आहात, असं येशू म्हणाला (मत्तय २३:८). मंडळीच्या वडीलजनांनी कळपावर धनीपणा करू नये, असं पेत्र सांगतो (१ पेत्र ५:३). प्रश्न विचारल्यावर राग येतो का, पैशांचा हिशोब उघड असतो का, सोडून जाणाऱ्यांशी बोलणं बंद केलं जातं का, हे बघा. शिष्य येशूचे असतात. 'माझे शिष्य' असं म्हणणारा माणूस दिसला की माझे कान टवकारतात.

१५. किंमत मोजून झाली, वर्षं गेली, पण आशीर्वाद काही जाणवत नाही. माझं काय चुकतंय?

काही चुकत असेलच असं नाही. मंडळीने साथ दिली नसेल, तर प्रश्न ९ पाहा. अंगावर थकवा आणि उदासी चढली असेल, तर डॉक्टरांकडे जाणं हा अविश्वास नाही.

आणि योहान बाप्तिस्मा करणाऱ्याचं वाचा. त्याने वाट तयार केली, सगळं दिलं आणि तुरुंगात पडला. तिथून त्याने विचारायला पाठवलं की येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी (मत्तय ११:३)? येशूने त्याला रागावलं नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते, असं कळवलं. बंदिवानांच्या सुटकेबद्दल त्या निरोपात अवाक्षर नव्हतं, आणि योहान सुटला नाही. निरोपे निघून गेल्यावर येशू लोकांकडे वळून म्हणाला, स्त्रियांपासून जन्मलेल्यांत याच्याहून मोठा कुणी झाला नाही. हे योहानाच्या कानावर गेलं का, ते शुभवर्तमान सांगत नाही.

तोवर स्तोत्र ८८ मोठ्याने वाचा. ते अंधारातच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलेलं आहे.